बोरकर बोरगावात सापडणार नाहीत

धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका गावाहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग असा :

“आमचं आडनाव बोरकर. आजी सांगायची, ‘आपन नदीपल्याडचे, बोरगावचे. दुष्काळात इकडं आलो.’ कोणता दुष्काळ आणि कोणतं बोरगाव, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पणजोबा गोविंदा, त्यांचे वडील तुकाराम, इतकंच माहीत. पणजीची पहिली दोन लेकरं मानमोडीत गेली, हे मात्र घरात सगळे सांगतात. पटवाऱ्यांनी १९५४-५५ चा कागद दाखवला आणि म्हणाले, याच्या मागं काही नाही. जुन्या जनगणनेत आमचं आडनाव कोणत्या सालापासून सापडेल? पणजोबांच्या लग्नाची नोंद कुठं असेल? चुलतभाऊ म्हणतो आपण मूळचे राजस्थानातले, त्यानं तसा वंशवृक्षही ग्रुपवर टाकलाय. जातपडताळणीचं काम नाही, ते कधीच झालं. नुसतं जाणून घ्यायचंय.”

ताई,

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जवळपास ‘नाही’ अशीच आहेत, म्हणून ती आधी उरकतो.

वऱ्हाडात पहिली शिरगणती १८६७ साली झाली, नदीपल्याड मध्य प्रांतात त्याच्या एक वर्ष आधी. १८८१ पासून दर दहा वर्षांनी साऱ्या देशाची एकाच वेळी होऊ लागली. पण त्यातून आज आपल्या हाती येतात ते तक्ते : तालुक्यात माणसं किती, कोणत्या जातीची किती, लिहिता-वाचता येणारी किती. घरोघर फिरून भरलेले नावांचे कागद तक्ते तयार झाल्यावर कुणी जपले नाहीत. पुढं १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नं हे कागद पाहायला मागायचा हक्कच कुणाला ठेवला नाही. इंग्लंडात शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी जुनी जनगणना नावानिशी खुली होते. तिकडचं वाचून आपल्याकडचे लोक तहसिलीत येऊन १८८१ ची यादी मागतात आणि कारकून त्यांच्याकडे बघत राहतो.

एक अपवाद आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी गावोगाव राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार केली होती. त्यात घरवार माणसांची नावं आहेत. काही तहसिलींत ती टिकली, काहींत वाळवीनं खाल्ली. तुमच्या गावची असेल तर पणजोबांची नाही, पण आजोबांची पिढी एका पानावर दिसेल.

लग्नाचं त्याहून अवघड. गोविंदाजींच्या काळी आपल्या गावांत लग्न मांडवात लागे, कचेरीत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं नोंदणीची सोय केली, सक्ती केली नाही. राज्याचा नोंदणीचा सध्याचा कायदा १९९८ चा. घर ख्रिस्ती असतं तर चर्चच्या रजिस्टरात पाहा म्हटलं असतं, मुसलमान असतं तर काझींच्या दप्तराकडे बोट दाखवलं असतं. तुमच्या पणजीचं लग्न कोणत्याही सरकारी वहीत नाही, तिथं वेळ घालवू नका. ते दुसऱ्या वाटेनं सापडतं, त्यावर पुढं लिहितो.

आता मुख्य गोष्ट. आडनाव धरून मागं जाऊ नका, वावर धरून जा.

त्या काळच्या कागदात माणूस असा लिहीत : गोविंदा वल्द (म्हणजे मुलगा) तुकाराम, जात अमुक, साकिन (राहणार) अमुक. बाई असेल तर अमुक जौजे (बायको) अमुक, नवरा वारला असेल तर बेवा. एवढ्यात माणूस ओळखू येई. ज्यांच्या पदावर हक्क आणि वतन अवलंबून होतं त्या पाटील-देशमुखांचं पद कागदावर येई. बाकीच्या घरांचं आडनाव बऱ्याचदा प्रथम लिहिलं गेलं ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. मास्तरांनी विचारलं, सोबत आलेल्यानं सांगितलं, मास्तरांनी ऐकू आलं तसं लिहिलं. सख्ख्या भावांची दोन आडनावं झालेली घरं तुमच्याही गावात असतील.

त्यात तुमचं आडनाव गावावरून पडलेलं दिसतं. बोरगावात राहणाऱ्याला बोरगावचे लोक बोरकर कशाला म्हणतील, तिथं सगळेच बोरगावचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की नव्या गावात त्याला त्याच्या गावावरून हाक मारतात. म्हणजे हे नाव तुमच्या घराला नदीच्या अलीकडे चिकटलं असण्याचाच संभव जास्त. पलीकडच्या बोरगावात तुम्ही ‘बोरकर’ शोधलात तर हात हलवत परत याल, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतेच बोरकर सापडतील आणि तुम्ही त्यांना आपले समजाल. हे आडनाव विदर्भात कितीतरी जातींत आहे. तिथं शोधायचा तो ‘तुकाराम वल्द कोणीतरी’, वेगळ्या आडनावाचा किंवा बिनआडनावाचा.

नदी म्हणजे आपण वर्धा नदी धरू. ती ओलांडली की कागदाची सगळी जात बदलते, आणि इथंच बहुतेकांचा शोध अडतो. तुमचा अमरावती जिल्हा वऱ्हाडात. वऱ्हाड निजामानं १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केलं आणि तिथं मुंबई इलाख्याच्या पद्धतीची मोजणी झाली : सर्व्हे नंबर, खातेदार, खातेदाराचा सरकारशी थेट व्यवहार. पलीकडचा वर्धा जिल्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. ते राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ साली मध्य प्रांत झाला, १८६२ साली वर्धा जिल्हा. तिथं मालगुजारी. गावाचा सारा मालगुजार भरणार, शेतकरी त्याचं कूळ. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारात आलं तरी जमिनीचे कायदे वेगळेच राहिले. म्हणून अलीकडे मागायचं ते पेरेपत्रक आणि हक्क नोंदणी. पलीकडे मागायची ती बंदोबस्ताची (मोजणी आणि साऱ्याच्या आकारणीची) मिसल म्हणजे फाइल, खसरा म्हणजे शेतांची नंबरवार यादी, जमाबंदी म्हणजे कुळं आणि त्यांचा सारा यांची यादी. अलीकडचा शब्द पलीकडच्या रेकॉर्ड रूममध्ये वापरलात तर ‘असं काही नसतं’ हे उत्तर ठरलेलं.

सुरुवात घरातल्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर फेरफारांचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात, शेवटच्या फेरफारापासून एकेक मागं जा. वारसाचा फेरफार सगळ्यात मोलाचा. कोण कधी वारलं आणि मागं कोण राहिलं, हे त्यात येतं. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींचीही नावं सापडतात, सासरच्या आडनावासह, कधी गावासह. ती सगळी उतरून घ्या. गट नंबर नंतर पडलेला असेल तर एकत्रीकरणाच्या वेळच्या पत्रकावरून जुना सर्व्हे नंबर काढा. तो हातात आला की पुढचं सगळं त्याच्यावर मागायचं.

पटवारी खोटं बोलले नाहीत. त्यांच्या दप्तरात १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाच्या मागं खरंच काही नसेल. जुनं सगळं वर गेलेलं असतं. धामणगाव हा तालुका चांदूर रेल्वेतून निघाला, त्यामुळे चांदूरच्या तहसिलीतला अभिलेख कक्ष आणि अमरावतीचं जिल्हाधिकारी कार्यालय ही तुमची ठिकाणं. त्याआधी घरी बसून महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून पाहा, अमरावती जिल्हा त्यात आहे. अर्ज करताना ‘आमच्या पूर्वजांची कागदपत्रं मिळावीत’ असं लिहू नका, त्या अर्जावर कुणी उठत नाही. मौजा (महसुली गाव), सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार, साल, असा एका ओळीचा अर्ज करा. एका अर्जात एकच कागद. शक्यतो मार्चअखेरीला जाऊ नका, वसुलीच्या गडबडीत कुणालाच डोकं वर काढायला सवड नसते.

पेरेपत्रकात दरसाल नंबरवार खातेदार, वाहणारा आणि पीक लिहिलेलं असतं. गोविंदा वल्द तुकाराम हे नाव तुमच्या सर्व्हे नंबरापुढे ज्या साली पहिल्यांदा दिसेल, त्याच्या आदल्या साली तिथं दुसरं कुणीतरी असेल. ते वावर हातात कसं आलं? बहुतेक विकत, कधी गहाणातून. असा व्यवहार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असेल तर तिथं दोन सूची असतात : पहिली माणसांच्या नावावर, दुसरी मिळकतीवर. तुमच्याकडे सर्व्हे नंबर आहे, म्हणून दुसरी मागा. आणि ते खरेदीखत मिळालंच तर लिहून घेणाराच्या वर्णनाचा मजकूर शब्दाशब्दानं वाचा. बाहेरून आलेल्या माणसाबद्दल दस्तऐवज लिहिणारे हमखास लिहीत, ‘राहणार मौजे अमुक, हल्ली मुक्काम तमुक.’ तुम्हाला हवं असलेलं बोरगाव, त्याच्या परगण्यासकट किंवा तालुक्यासकट, जर कुठं लिहिलेलं असेल तर ते या ‘हल्ली मुक्काम’च्या आधी. खाली चतुःसीमाही असते. शेजारच्या धुऱ्यांवरची (बांधांवरची) नावं टिपून ठेवा. दोन गोविंदा वल्द तुकाराम निघाले तर आपला कोणता, हे धुरे सांगतात.

घरच्या पेटीतही पाहा. सावकाराकडून सोडवून आणलेलं गहाणखत फेडलेलं म्हणून कुणी फाडत नसे, उलट जपत. कागद मोडी लिपीत असला तर फोटो काढून वाचणाऱ्याला पाठवा, मूळ कागद हातातून सोडू नका. नागपूरला विदर्भ अभिलेखागार आहे, तिथं मोडी वाचणाऱ्यांचा पत्ता लागतो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. चांगल्या भावनेनं केलेल्या लॅमिनेशननं जितके कागद गेले तितके वाळवीनं गेले नसतील.

हे सगळं पणजोबांच्या नावावर वावर होतं असं धरून लिहिलं. ते आधी कुणाकडे सालदार (वर्षाच्या बोलीचे गडी) असतील, दुसऱ्याचं वावर ठोक्यानं (ठरल्या रकमेवर) किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यावर) करत असतील, तर जमिनीच्या कागदात ते उशिरा दिसतील. दुष्काळात गाव सोडून आलेला माणूस आल्याआल्या वावर घेत नाही. मधली वर्षं भरून काढायला दुसरा कागद लागतो, आणि त्याची किल्ली तुमच्या पत्रात तुम्हीच दिली आहे.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आपल्याकडे तिनं त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत जास्त माणसं नेली. गावातल्या जन्म-मृत्यूची खबर कोतवाल ठाण्यावर देई, त्याच्या वहीला आपण कोतवाल बुक म्हणतो. आज ती तहसिलीत मिळते. पंचवीस वर्षांची बुकं चाळू नका, सरळ १९१८ चं शेवटचं तिमाही मागा. गोविंदाची दोन लेकरं जवळजवळच्या तारखांना गेलेली दिसली पाहिजेत. मरणाचं कारण ‘ताप’ लिहिलेलं असेल, साथीतली बहुतेक मरणं तापाच्याच रकान्यात गेली. लेकरू तान्हं असेल तर नावही नसेल, नुसता ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव.

या एका नोंदीवर पुष्कळ काही ठरतं. ती तुमच्या आजच्या गावच्या बुकात सापडली तर १९१८ पूर्वीच तुमचं घर अलीकडे आलेलं होतं. मग आजीचा दुष्काळ बहुधा १८९६-९७ चा किंवा १८९९-१९०० चा, आणि नदी ओलांडणारे गोविंदाजी नव्हेत, तुकारामजी असू शकतात. त्यांचा मृत्यूही मग याच बुकात वयासकट मिळेल. वय तीस, चाळीस, पन्नास असं ठोकळ लिहिलेलं असतं, त्यावरून जन्मसाल पक्कं करू नका. नोंद इथं नसेल तर लेकरं कदाचित पलीकडे गेली, म्हणजे स्थलांतर त्यानंतरचं, आणि मग तो दुष्काळ आजीनं सासूकडून ऐकलेला कुठलातरी दुसराच. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवा.

बुकात जातीचा रकाना असतो. त्यात आज घरात बोलतात त्याहून वेगळा शब्द दिसला तर बिचकू नका. लिहिणारा गावातल्या बोलीत लिहीत असे. फक्त एक : नोंदीत खाडाखोड दिसली, किंवा ‘पाहिजे तशी नोंद काढून देतो’ म्हणणारा कुणी कचेरीबाहेर भेटला, तर तिथून निघा. तुमचं पडताळणीचं काम झालेलं आहे हे चांगलंच आहे, त्यामुळे खरं काय ते पाहायला तुम्ही मोकळ्या आहात.

आता लग्नाची वाट. कागद नाही, पण नाती आहेत. घरातल्या सगळ्यात वयस्क आत्यांना बसवा आणि तीन गोष्टी विचारा. आजोबांच्या आणि पणजोबांच्या बहिणी कोणत्या गावांत दिल्या? घरात आलेल्या सुनांची माहेरं कोणती? आणि कुणाचं सुतक आपल्याला लागतं? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. आडनाव काहीही असो, ज्यांच्या मरणाचं तुम्ही दहा दिवस सुतक पाळता ते तुमचे भाऊबंद. वेगळ्या आडनावाचं, नदीपल्याडचं एखादं घर त्या यादीत निघालं तर तेच तुमच्या घराचं जुनं आडनाव असू शकतं. जुनी सोयरीक चार-सहा कोसांच्या आतच होई. बैलबंडीनं वरात जाऊन यायची असे. पणजोबांच्या पिढीतल्या सोयऱ्यांची गावं नकाशावर मांडा. ती सगळी आर्वीच्या बाजूला गोळा झाली तर तुमचं बोरगाव तिथंच कुठंतरी, पुलगाव-देवळीकडे झाली तर तिकडे. अलीकडे आल्यावरही पहिल्या एक-दोन पिढ्या लेकी पलीकडेच देत, कारण ओळखी तिकडच्या. कुलदैवताला आणि कुळाचाराला कुठं जाता, हेही त्याच यादीत लिहा.

घरातलं कुणी नाशिक-त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया यांपैकी कुठं अस्थी घेऊन किंवा यात्रेला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नावं असतील. तिथं विचारताना आडनावाबरोबर जात, मौजा आणि जुना तालुका सांगावा लागतो. म्हणजे हे काम गाव ठरल्यानंतरचं. आणि खरं सांगायचं तर दुष्काळातून उठलेलं घर गयेपर्यंत गेलं असेलच असं नाही. कौंडण्यपूरला वर्धेतच अस्थी सोडून लोक परत येत. भाट तुमच्या घरी येत असेल तर त्याची पोथी ऐका, लिहून घ्या. वरच्या तीन-चार पिढ्या आणि गावांची नावं तो बऱ्यापैकी सांगतो. त्याच्या मागं रजपूत राजे सुरू झाले की लेखणी खाली ठेवा. तुमच्या चुलतभावाचं राजस्थान बहुधा अशाच कुठल्यातरी पोथीतून निघालं असेल. त्याच्याशी भांडू नका. त्याला इतकंच विचारा, की चितोडपासून धामणगावपर्यंतच्या मधल्या पिढ्यांत एक तरी नाव गावाच्या नावासकट कागदावर आहे का.

सोयऱ्यांचा नकाशा तयार झाला की मगच नदी ओलांडा. वर्धा जिल्ह्यात बोरगाव एकच नाही, बोरगाव (मेघे) तर वर्धा शहराला लागून आहे. आजच्या नकाशावर दिसतात तेवढीच बोरगावं, असंही समजू नका. त्या जिल्ह्याच्या गावयादीत नावापुढं ‘रिठी’ लिहिलेली गावं पुष्कळ आहेत. रीठ म्हणजे उठलेलं गाव : वस्ती नाही, पण मौजा कागदावर जिवंत, शिवार आजही वाहतात. दुष्काळात तुमचं घर उठलं तेव्हा सोबत गावच उठलं असेल, तर ते मोबाइलवर दिसणार नाही, १९५१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या गावयादीत दिसेल. जनगणनेचा तुम्हाला होणारा उपयोग आहे तो इतकाच.

तिथं गेल्यावर जुनी तहसील कोणती ते आधी विचारा. वर्धा जिल्ह्यात पूर्वी तीनच होत्या, वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट. आष्टी आणि कारंजा आर्वीतून निघाले, देवळी आणि सेलू वर्ध्यातून, समुद्रपूर हिंगणघाटातून. मागायचं ते १८९० च्या दशकातल्या बंदोबस्ताची त्या मौजाची जमाबंदी. मालगुजाराच्या नावाखाली कुळांची यादी असते, कोण मौरूसी (वंशपरंपरेच्या हक्काचं कूळ), कोण साधा काश्तकार. त्यात तुकाराम वल्द कोण, ते पाहा. तो पुढच्या बंदोबस्ताच्या यादीत नसेल, त्याचा खसरा नंबर दुसऱ्याच्या नावावर गेलेला असेल आणि त्याच सुमाराला अलीकडे तुकाराम दिसू लागला असेल, तर जोड लागली असं मी म्हणेन. नुसतं नाव जुळलं तर म्हणणार नाही. तुकाराम हे नाव त्या काळी गावात चार घरांत असे.

पलीकडे १९५१ साली मालगुजारी गेली तेव्हा काही मालगुजारांच्या वाड्यांवर गावाची जुनी दप्तरं राहून गेली. वाडा उभा असेल आणि माणसं बोलणारी असतील तर तिथंही विचारा, पण पहिल्याच भेटीत फोटो काढायला मोबाइल काढू नका. जमिनीच्या जुन्या कागदाचं नाव काढलं की कुणालाही धास्ती वाटते, ‘ही बाई हक्क सांगायला आली का’ म्हणून. सोबत त्या गावचा सोयरा न्या, एखाद्या आत्याचा मुलगा वगैरे. तो दारातच तुमची ओळख करून देईल, आणि मग चहा होईपर्यंत दप्तराची गोष्टही निघेल.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी पाठवा : जुना सर्व्हे नंबर, १९१८ च्या कोतवाल बुकाची नक्कल, मिळाली नाही तर तसं, आणि आत्यांनी सांगितलेल्या गावांची यादी. कोणत्या तहसिलीत अर्ज टाकायचा ते त्यावरून सांगता येईल. तोवर वर्ध्याला चक्कर मारू नका.